अकरा जणांचे अकरा स्वभाव, आणि टेस्टच्या रिपोर्टचं करायचं काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. उत्तर गोव्यात किनाऱ्यालगतच्या हॉटेलात तुम्ही चार महिन्यांपूर्वी फ्रंट ऑफिस मॅनेजर झालात. ज्या काउंटरवर सगळ्यांसोबत उभे होतात, त्याच काउंटरवरच्या अकरा जणांना आता काम सांगायचं आहे. हेड ऑफिसने सर्वांकडून ऑनलाइन स्वभावचाचणी भरून घेतली, प्रत्येकाला चार इंग्रजी अक्षरांचा शिक्का मिळाला आणि सगळे रिपोर्ट तुमच्या मेलवर आले. तुम्ही विचारता, ‘कोणत्या अक्षरांच्या माणसाला कसं हाताळायचं, असा तक्ता कुणाकडे आहे का?’ सोबत तिघांचं वर्णन दिलंय. ब्रीफिंगमध्ये तोंड न उघडणारा नाइट शिफ्टचा मुलगा, नव्या प्रत्येक गोष्टीला आडवं घालणाऱ्या एक सीनियर बाई, आणि सगळ्याला ‘हो सर’ म्हणून निम्मी कामं तशीच ठेवणारा एक जण.

तक्ता माझ्याकडे होता. एका ट्रेनिंगमध्ये मिळालेला, मी हौसेने लॅमिनेट करून ड्रॉवरमध्ये ठेवलेला. दोन सीझन वापरला आणि मग टाकून दिला. मी फोंड्याची. हॉटेलात चोवीस वर्षं काढली, आधी रिसेप्शन आणि फ्रंट ऑफिस, नंतर एचआर आणि ट्रेनिंग. स्वभाव ओळखून काम वाटल्याचा फायदा होतो, याबद्दल मला शंका नाही. पण तो फायदा अक्षरांतून येत नाही. तुम्हाला हवं आहे ते एवढंच, की कोणत्या माणसाला कोणतं काम सहज जमतं, कोणत्या कामात त्याची दमछाक होते, आणि ती दमछाक कमी करायला तुम्ही नेमकं काय बदलू शकता. शेवटचा भाग तक्त्यात कधीच नसतो.

आधी रिपोर्टबद्दल थोडं. चार अक्षरांची ही पद्धत कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या मांडणीवरून तयार केली. गप्पांना ती चांगली, पण तिची अडचण डब्यांची आहे. अंतर्मुख-बहिर्मुख हे उंचीसारखं असतं, बहुतेक माणसं मधल्या पट्ट्यात आणि टोकाला थोडी. तिथे पन्नासवर रेघ मारली की ४८ वाला इकडे पडतो आणि ५२ वाला तिकडे, जरी ते दोघे सख्ख्या भावांसारखे असले तरी. उलट ४८ आणि १० एकाच डब्यात जातात. म्हणूनच महिन्याभराने तीच चाचणी पुन्हा भरली की पुष्कळांचं एखादं अक्षर बदललेलं असतं. आणि ती चाचणी विकणारी कंपनी स्वतःच सांगते की नोकरीवर घ्यायचं की नाही हे ठरवायला ती वापरू नये. हेड ऑफिसने उद्या ‘या अक्षरांच्या माणसाला सुपरवायझर करू नका’ असं काही सुचवलं, तर हे वाक्य त्यांना ऐकवा.

‘पण माझा रिपोर्ट तर तंतोतंत जुळला,’ असं तुमच्या टीममध्ये चार जण तरी म्हणाले असतील. बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना स्वभावचाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाच्या हातात त्याचं ‘खास’ वर्णन ठेवलं. किती जुळलं, पाचपैकी गुण द्या, म्हटलं. सरासरी ४.२६ आली. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि तो भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. तुमच्याकडचा रिपोर्ट इतका पोकळ असेल असं मी म्हणत नाही. फक्त ‘जुळला’ हा पुरावा धरू नका. देवळात प्रसाद उजवा पडला की डावा, यावर घरातला मोठा निर्णय घेणारे आपल्याकडे आहेत. रिपोर्टचा तसा कौल लावू नका.

अभ्यासक ज्यावर जास्त भरवसा ठेवतात ती पाच गुणांची मांडणी आहे. तिचा उगम गमतीचा आहे. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ अठरा हजार शब्द वेचले. पुढच्या कित्येक दशकांत निरनिराळ्या लोकांनी ते चाळून चाळून पाच मोठ्या पट्ट्यांवर आणले. नव्याची ओढ, काटेकोरपणा, माणसांत रमणं, जुळवून घेणं, आणि मन किती लवकर ढवळतं. प्रत्येक माणूस या पाचही पट्ट्यांवर कुठेतरी असतो. डबा कुठलाच नाही.

शब्द आपल्याकडेही काही कमी नाहीत. घुमा, हेकट, भिडस्त, लाघवी, धांदरट, आतल्या गाठीचा. तुमची तीन वर्णनं वाचताना मला तेच ऐकू आलं. एक घुमा, एक हेकट, एक भिडस्त. घरी बोलायला हे शब्द ठीक आहेत. मॅनेजरने मनातसुद्धा वापरले की काम बिघडतं, कारण शब्द मिळाला की आपण बघणं थांबवतो.

घुम्यापासून सुरुवात करते, कारण तिथे मी स्वतः आपटी खाल्ली आहे.

माझ्याकडे नाइट ऑडिटला, म्हणजे रात्री दिवसाचा हिशेब जुळवायला, वास्कोचा एक जण होता. दुपारी पावणेतीनचं ब्रीफिंग असायचं, काउंटरमागच्या चिंचोळ्या खोलीत, जाणारी आणि येणारी शिफ्ट दाटीवाटीने उभी. महिन्यातून दोनदा नाइटवाल्यांनाही बोलवायचो. मी विचारायची, ‘कुणाला काही सांगायचंय?’ बोलणारे दोघे-तिघे ठरलेले. हा भिंतीला टेकून बुटांकडे बघायचा. तक्त्यात होतं, ‘अशा व्यक्तीस बोलण्यास प्रोत्साहन द्यावे.’ म्हणून मी त्याचं नाव घेऊन सगळ्यांसमोर विचारायला लागले. तो आणखी आक्रसला. तिसऱ्या वेळी नाइटवाल्यांच्या ब्रीफिंगच्या दिवशीच त्याने रजा टाकली.

मग श्रावणात मी दामोदर सप्ताहाला वास्कोत गेले. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होऊन सलग चोवीस तास भजन चालतं, तुम्हाला माहीत आहेच. रात्री उशिरा एका पाराबरोबर, म्हणजे भजनाच्या मिरवणुकीबरोबर, गर्दीतून पुढे सरकताना बघते तर पखवाजावर हाच. शेकडो माणसं आजूबाजूला, आणि हा मान डोलवत, गायकाकडे बघून लय वाढवतोय, मध्येच मागच्या झांजवाल्याला डोळ्यांनी दटावतोय. म्हणजे माणसांची भीती नव्हती. पुढाकाराची तर अजिबात नव्हती. त्याला अडचण होती ती न ठरवता, घाईत, पंधरा मिनिटांच्या गोंगाटात तोंडी मत द्यायची.

दुसऱ्या दिवशी मी एवढंच केलं की नाइट लॉगबुकच्या पानावर खाली एक रेघ मारली आणि लिहिलं, ‘आज रात्री काय अडलं? उद्या काय बदलावं?’ आठवड्यात पानं भरायला लागली. त्यातून कळलं की पहाटेच्या विमानाचे गेस्ट चारला चेक-आउट करतात तेव्हा मिनीबारचं बिल जुळत नाही, कारण हाउसकीपिंगची नोंद सकाळी सातला येते. वर्षभर आम्ही ते नुकसान ‘मिसलेनियस’मध्ये टाकत होतो. ब्रीफिंगमध्ये मी त्याची नोंद वाचून दाखवायला लागले, त्याच्या नावासकट, त्याला न बोलवता. तीन-चार महिन्यांनी तो आपणहून बोलला. नसता बोलला तरी चाललं असतं.

तुमच्या नाइटच्या मुलालाही हेच लागू पडेल असं नाही. तो गप्प आहे त्याचं कारण कदाचित रात्रभर जागून दुपारी तिथे उभा राहतो एवढंच असेल. किंवा कोकणी-मराठीत मोकळा असेल आणि तुमचं ब्रीफिंग इंग्रजी-हिंदीत चालत असेल. आधी ते बघा.

आता तुमचा ‘हो सर’. या तिघांत मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते, कारण बाकीच्या दोघांचा त्रास तुम्हाला दिसतो, याचा दिसत नाही. भिडस्त माणूस खोटं बोलत नसतो. तुमच्यासमोर ‘नाही’ म्हणणं त्याला कामाच्या डोंगरापेक्षा जड वाटतं. तुम्ही पाचवं काम सांगता तेव्हा पहिली चार अर्धी आहेत हे त्याच्या ओठांवर येत नाही. त्याला ‘जमेल का?’ विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. ‘आत्ता हातात काय काय आहे? यातलं कुठलं उद्यावर टाकू या?’ असं विचारा. म्हणजे ‘नाही’ न म्हणता खरं सांगायची वाट मिळते.

आणि रोस्टर, म्हणजे ड्यूटीचा तक्ता, बघा. मागच्या दोन-तीन वर्षांचा. आमच्याकडे असाच एक जण होता. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्ट्यांची यादी लागली की हिंदू स्टाफमध्ये रस्सीखेच, नाताळला ख्रिश्चन स्टाफमध्ये. मी वाद टाळायला जो कुरकुर करत नाही त्याला ड्यूटी लावायची. एका वर्षी त्याच्या आईचा मला फोन आला. ‘बाय, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायला घरात दुसरं कोणी नाही, यंदा तरी सोडशील?’ मी रजिस्टर काढून बघितलं तर सलग चार चवथी तो काउंटरवर होता. चारही वेळा त्याने ‘ठीक आहे मॅडम’ म्हटलं होतं. मी त्याला समंजस म्हणायची, आणि माझी सोय होत होती. स्वभाव ओळखल्याचा हा दुरुपयोग आहे, आणि तो बहुतेक सगळे मॅनेजर न कळत करतात. तेव्हापासून सणांच्या सुट्ट्या मी पाळीने, लेखी, तीन महिने आधी लावायला सुरुवात केली. भांडणारे आणि न भांडणारे सारखेच.

सीनियर बाईंबद्दल तुम्ही लिहिलंय की नवं सॉफ्टवेअर आल्यापासून त्या ‘हे चालणार नाही’ एवढंच म्हणतात. इथे मी त्यांच्या बाजूने आहे असं धरून वाचा. काटेकोर माणूस आणि गोड न बोलणारा माणूस एकत्र आला की तो आडमुठा दिसतो. आमच्याकडच्या अशाच एका बाईंनी नव्या सिस्टीमला विरोध केला तेव्हा मी वैतागून विचारलं, ‘नेमकं काय चालणार नाही ते कागदावर लिहून द्या.’ त्यांनी सात मुद्दे लिहिले. पाच सवयीचे होते. सहावा असा की चार्टर विमानाचा ग्रुप रात्री उतरला की घाईत पासपोर्टची अर्धीच माहिती भरून चेक-इन पूर्ण होऊ शकतं, जुन्या पद्धतीत होत नसे. परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला कळवायचा सी फॉर्म तेव्हा चोवीस तासांच्या आत जायलाच हवा असायचा. अर्धी माहिती घेऊन तो भरणार कोण, आणि पाहुणा तोवर हम्पीला निघून गेला तर? बाई बरोबर होत्या. ती फील्ड आम्ही सक्तीची करून घेतली आणि चेक-इनची तपासणी त्यांच्याकडे दिली. त्यांचं बोलणं गोड झालं नाही, पण बोलण्याला जागा मिळाली. मात्र त्यांचा विरोध लेखीवर आणूनही पोकळच निघाला आणि ज्युनियर मुलींना त्या सर्वांसमोर बोलत असतील, तर ते वर्तन आहे. तिथे स्वभावाची सबब मान्य करायची नाही. बंद दाराआड स्पष्ट सांगायचं.

एक गोष्ट अभ्यासातूनही वारंवार पुढे आली आहे. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर जवळजवळ सर्व प्रकारच्या कामांत चांगल्या कामगिरीशी जोडलेला गुण होता काटेकोरपणा. बहिर्मुखता मुख्यतः मॅनेजर आणि विक्रीच्या कामांत उपयोगी दिसली. आणि हे नातं होतं ते माफक, म्हणजे एकेका माणसाचं भविष्य वर्तवण्याइतकं नाही. आपल्या धंद्यात उलटं चालतं. हसरा, बोलका मुलगा दिसला की आपण त्याला पुढे करतो. मीही एका सर्वांच्या लाडक्या रिसेप्शनिस्टला सुपरवायझर केलं होतं. गेस्ट खूश, आणि हॅण्डओव्हर रजिस्टर कोरं. सहा महिन्यांत आम्ही एक उत्तम रिसेप्शनिस्ट गमावला आणि एक त्रासलेला सुपरवायझर मिळवला. त्याचा दोष नव्हता, निवड माझी होती.

आता मी तुम्हाला सावध करते ती स्वभाव नसलेल्या गोष्टीबद्दल. संध्याकाळच्या शिफ्टला आमच्याकडे एक मुलगा होता, त्याच्याविरुद्ध गेस्टच्या तक्रारी आल्या. उद्धट बोलतो, घाईत बोलतो. रिपोर्टमध्ये त्याचं ‘मन लवकर ढवळणारं’ निघालं होतं, त्यामुळे सगळ्यांना उत्तर मिळालं. त्याला रागावर ताबा ठेवण्याच्या ट्रेनिंगला पाठवायचं ठरत होतं. मी तक्रारींच्या तारखा आणि वेळा एका कागदावर मांडल्या. पाचही तक्रारी रात्री दहानंतरच्या. आणि पाचही दिवशी किचनमधला एक विशिष्ट माणूस वीकली ऑफला. तो वाळपईकडचा, हाही वाळपईकडचा. त्याच्या मोटरसायकलवर हा घरी जायचा. तो नसला की शेवटची बस गाठायची, ती चुकली की रात्र स्टाफरूमच्या बाकावर. दहा वाजले की याचं लक्ष घड्याळाकडे, आणि समोर गेस्ट एक्स्ट्रा टॉवेल मागतोय. दोघांचा ऑफ एकाच दिवशी केला. तक्रारी थांबल्या. ट्रेनिंगचे पैसे वाचले, आणि तो पोरगा बिचारा ‘रागीट’ म्हणून फाइलमध्ये गेला असता तो वाचला.

समोरच्याचं वागणं त्याच्या स्वभावातून येतं आणि आपलं परिस्थितीतून, असं मानण्याची खोड सगळ्यांनाच असते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी वेळ, शिफ्ट, बस, झोप, घरचं आजारपण, पगार उशिरा झाला का, काम नीट शिकवलं होतं का. हे सगळं बघून झाल्यावरही वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या दिवशी तेच वागणं दिसलं, तर स्वभावाचा विचार. एका प्रसंगावरून कधीच नाही.

तुमच्या स्वतःच्या रिपोर्टबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, ‘मी बडबड्या निघालो, हा हा.’ अकरा रिपोर्टांपेक्षा तो एक जास्त वाचा. ब्रीफिंगच्या पंधरा मिनिटांत तुम्ही किती मिनिटं बोलता ते एकदा मोबाइलवर मोजा. मी काटेकोर बाजूची. माझ्या हाताखालच्या मुलींची लॉगबुकातली वाक्यं मी लाल पेनने दुरुस्त करायची, मदत म्हणून. एकीने जाताना सांगितलं, ‘मॅडम, शाळा सुटून सहा वर्षं झाली.’ लाल पेन घरी नेलं.

काही गोष्टी तुमच्या हॉटेलवर अवलंबून आहेत. रोस्टर आणि सुट्ट्या तुमच्या हातात असतील तर वर सांगितलेलं बरंचसं जमेल. ते एचआरकडून येत असेल तर आधी तिथे जागा करून घ्यावी लागेल. सीझनच्या ऐन भरात, डिसेंबरात, हे प्रयोग करू नका. पावसाळ्यात माणसांना आणि तुम्हाला दोघांनाही उसंत असते. आणि एखाद्याचं मन खरोखर ढासळलेलं दिसलं, झोप उडाली, खाणं तुटलं, तर ते स्वभावाचं प्रकरण नाही. डॉक्टरकडे जायला रजा आणि पाठबळ द्या, स्वतः मानसतज्ज्ञ होऊ नका.

रिपोर्टांचं सांगायचं तर ते नोटीस बोर्डवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, ‘गंमत म्हणून’ सुद्धा नाही. काउंटरवर दोन दिवस हशा होतो आणि मग वर्षभर एकाला ‘तू तर इंट्रोव्हर्ट’ म्हणून चिडवतात. ज्याचा त्याला द्या, आणि एकेकाला वेगळं बसवून दोनच प्रश्न विचारा. ‘यातलं काय पटलं नाही?’ आणि ‘आपल्या कामातला कुठला भाग तुला सर्वांत नको वाटतो?’ पहिल्या प्रश्नाने रिपोर्टचा दरारा जातो, दुसऱ्याने तुम्हाला हवं ते मिळतं. उत्तर लगेच नाही आलं तर आठवडा जाऊ द्या. त्या नाइटच्या मुलाला तर लिहूनच द्यायला सांगा.

आणि ‘हो सर’ला बसवाल तेव्हा आधी त्याच्या मागच्या चवथींचा रोस्टर काढून समोर ठेवा. किती वेळा तो काउंटरवर होता ते तुम्ही मोजून सांगा, त्याच्याकडून वदवून घेऊ नका. त्यानंतर काय झालं ते इथे लिहा, मला वाचायचंय.